तटाला टेकलेली नासपती

जावयाला काम सांगू नये म्हणतात ते खोटं नाही. माझा फिर्मां सकाळी आठला येतो, परसातल्या तटापुढे उभा राहतो, दगडांना बोटं लावून बघतो आणि दुपारपर्यंत जेमतेम हातभर सांधा भरतो. जुन्या गवंड्यांनी गावाचा हा तट असा बांधला असता, तर त्या काळी चालून आलेले इंग्रज आत येऊन, जेवून परतसुद्धा गेले असते.

गावाच्या खालच्या दरवाजापासून चौथं घर आमचं. परसाची मागची भिंत म्हणजे तटच. माझ्या ओक्ताव्हने, देव त्याला सुखात ठेवो, आमच्या लग्नाच्या वर्षी त्या उन्हाच्या भिंतीवर नासपती चढवली. फांद्या दोन्ही बाजूंना आडव्या, भिंतीला बांधलेल्या. तो जाऊन नऊ वर्षं झाली, झाड अजून टोपल्या भरून देतं.

यंदा झाडामागे तटाला पोट सुटलं. नगरपालिकेची बाई येऊन सांगून गेली, "थंडीच्या आत भिंत नीट झाली नाही, तर झाड तोडून आमची माणसं लावू." थंडी पडली की चुना धरत नाही, हे इथं शेंबड्या पोरालाही ठाऊक. माझा जीव टांगणीला, आणि हा गोगलगाय.

"सिमेंट लाव आणि मोकळा हो," मी म्हटलं.

"आई, सिमेंटमागे पाणी अडतं. गोठलं की दगड फुटतो."

"मला शिकवतोस? या तटाखाली चार पोरं वाढवलीत मी."

"म्हणूनच खचला असेल."

जीभ मात्र झपाझप चालते त्याची!

गुरुवारी सूप घेऊन गेले, तर झाडाखालून नुसते बूट दिसत होते. पठ्ठ्याने एकेक फांदी सोडवून भिंतीपासून दोन वीत पुढे, लाकडी खुंटांवर बांधली होती आणि मागच्या फटीत आडवा पडून काम करत होता. एक डहाळी मोडली नव्हती. शेजारच्या बादलीवर ओलं गोणपाट होतं. चुना असेल म्हणून मी उचललं.

आत खिळे. चाळीस-पन्नास, गंजून बोटाएवढे फुगलेले. मी ओळखले. ओक्ताव्ह फांद्या बांधायला दगडांच्या सांध्यात ठोकत होता आणि मी ॲप्रनमधून एकेक देत होते. लोखंड पाणी पिऊन फुगलं आणि त्यानेच तट ढकलला.

"नगरपालिकेत काय सांगितलंस?"

"पावसाचं पाणी मुरलं म्हणून." फिर्मां बाहेर सरकला. "खिळ्यांचं कळलं तर झाड ठेवू देतील का? आणि बाबांचं नाव कशाला निघायला हवं? नदीत टाकणार होतो."

मी गोणपाट पुन्हा बादलीवर टाकलं आणि सूप त्याच्या हातात दिलं.

"ऐक. गवंडी तू चांगला आहेस, हे एकदाच सांगणार. पण खोटं बोलणं तुझं काम नाही, कान लाल होतात तुझे. उद्या ही बादली नगरपालिकेत मीच नेते. झाड खुंटांवर आहे, तटाला त्याचा भार नाही, येऊन बघा म्हणते. खिळे ठोकले माझ्या नवऱ्याने, हातात दिले मी, आणि काढले माझ्या मुलाने. जावई म्हणणार नाही, मुलगाच म्हणणार. आता असा बघत राहू नकोस, सूप पी."