ब्रेकमधली हवा

काचवाल्याचा पाय एका जागी ठरत नव्हता. अंगणात त्याची सव्वीस वर्षांची पिकअप पुढून उचलून ठोकळ्यांवर टेकवली होती, पुढची दोन्ही चाकं काढलेली, आणि तिच्याखाली त्याची सून उताणी पडून काम करत होती. तो डावीकडून उजवीकडे जायचा, वाकून बघायचा, पुन्हा डावीकडे यायचा.

"बाबा, बसा ना जरा," गाडीखालून आवाज आला. "तुमच्या चपला बघून बघून मला गरगरायला लागलंय."

तो पायरीवर टेकला आणि लगेच उठला.

सून एका वर्कशॉपमध्ये लेथवर लोखंड कातायचं काम करायची. लोखंडाचा केसभर फरक तिच्या बोटांना कळायचा. नवरा कामासाठी दूर, म्हणून घरात ती आणि सासू-सासरे. गाडीचे ब्रेक बदला असं ती चार वर्षं सांगत होती, आणि चार वर्षं तो म्हणत होता, "तिला काय धाड भरलीय?" मग गेल्या आठवड्यात जेवता जेवता तो स्वतःच म्हणाला, "ब्रेक बदलून टाक बाई. सगळंच बदल." सासू-सुनेनं एकमेकींकडे पाहिलं. का, ते त्यानं सांगितलं नाही. मंगळवारी गाडीतल्या काचा फुटल्या, तेव्हाही दोरी सुटली एवढंच तो म्हणाला होता.

भंगारात त्याच कंपनीची नवी पिकअप आली होती. मागून ठोकर बसलेली, पण पुढचा भाग शाबूत. सुनेनं तिचे डिस्क ब्रेक, स्प्रिंगा, शॉकअ‍ॅब्सॉर्बर, चाकं, सगळं उचलून आणलं. स्प्रिंगा बसल्या. पण दुपारी एके ठिकाणी घोडं अडलं. चाकाच्या जोडाची जुनी दांडी नव्या भोकात खुळखुळत होती.

"पातळ पत्रा गुंडाळ आणि ठोक," तो म्हणाला.

"पत्रा? चाकाच्या जोडाला?" ती बाहेर सरपटत आली. तोंडावर काळा फराटा. "बाबा, तुम्ही खिडकीत काच बसवताना कागद कोंबता का?"

माप घेऊन ती वर्कशॉपला गेली. दांडी आणि भोक यांच्यामध्ये नीट बसेल असं लोखंडी कडं, बुश, कातून आणायला तीन तास लागले. त्या तीन तासांत त्यानं गाडीची पुढची काच दोनदा पुसली, कोपऱ्यापर्यंत जाऊन परत आला, नट आवळायचे पाने लहान-मोठे असे ओळीत लावले, पुन्हा विस्कटले.

"पोटात कळ येतेय का तुमच्या?" बायकोनं खिडकीतून विचारलं.

"काही नाही!" तो इतक्या जोरात खेकसला, की तिनं खिडकी लावून घेतली.

बुश चपखल बसलं. ऊन उतरता उतरता ब्रेकमधली हवा काढायचं काम उरलं. तो स्टिअरिंगमागे बसला, ती खाली चाकापाशी. तिनं ब्रेकला नळी लावून तिचं दुसरं टोक तेलाच्या बाटलीत सोडलं.

"मी दाबा म्हटलं की दाबायचं. धरा म्हटलं की धरायचं. मी स्क्रू आवळून सोडा म्हणेपर्यंत पाय उचलायचा नाही, नाहीतर हवा परत आत जाईल. दाबा."

त्यानं दाबलं.

"धरा."

पाय हळूहळू खाली गेला. अगदी तसाच, गेल्या मंगळवारी गेला होता तसा.

"सोडा. पुन्हा दाबा. धरा."

"उतारावर पाय असाच गेला होता," तो म्हणाला. समोर कुणी नव्हतं, नुसती काच होती, म्हणून बोलता आलं. "मंगळवारी. काचा दोरी सुटून फुटल्या नाहीत. ब्रेकच लागला नाही. खाली एक बाई रस्ता ओलांडत होती, हातात पिशवी. हॉर्नसुद्धा सुचला नाही मला. गिअर टाकला, हँडब्रेक ओढला, आणि तिच्या पाठीमागून, हातभर अंतरावरून, गाडी वाळूच्या ढिगात घातली. तिनं वळूनही पाहिलं नाही. तिला माहीतच नाही गं. ती घरी गेली असेल, पिशवी रिकामी केली असेल…"

त्याचा पाय उचलला गेला. खाली नळीत गुडगुड झालं.

मग सुनेचं डोकं दाराशी उगवलं. तिचे डोळे मोठे झाले होते.

"आणि त्याच गाडीनं तुम्ही घरी आलात?"

"दुसऱ्या गिअरमध्ये."

तिला ओरडायचं होतं, ते दिसत होतं. ओठ आवळून ती म्हणाली, "हवा गेली आत. पुन्हा पहिल्यापासून. आणि बाबा, आईंना हे तुम्ही सांगायचं. आजच."

पुन्हा पहिल्यापासून झालं. चारही चाकांना. शेवटी पाय दगडावर ठेवल्यासारखा घट्ट लागला. मोकळ्या रस्त्यावर त्यानं सवयीनं, सगळा जोर लावून ब्रेक मारला, तशी गाडी जागच्या जागी खिळली आणि दोघं पट्ट्यांत लटकले. "हळू!" सून म्हणाली. "आता नुसता पाय टेकवला तरी पुरे." तिला हसू आलं. त्याला आलं नाही. घरी येईपर्यंत, पुढे कुणी नसतानाही, तो दहा वेळा तरी थांबला.

बायको भाजी निवडत होती. त्यानं उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. तिचा हात थांबला.

"हिला आधी सांगितलंत?"

"अगं, ते पाय दाबता दाबता…"

"सहा दिवस माझ्या शेजारी बसून जेवलात!" तिनं निवडलेली आणि न निवडलेली भाजी एकात एक केली, आणि मग पुन्हा वेगळी करत बसली. त्यानं खाली बसून दोन जुड्या ओढून घेतल्या. तिनं त्या घेऊ दिल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो काचा बांधून निघाला, तर बायको शेजारच्या सीटवर चढून बसली होती.

"तू कुठं?"

"चला."

आठवडाभर ती येत राहिली. तो वळणाजवळ आला, की ती आपल्या पायाखालच्या रिकाम्या पत्र्यावर पाय दाबून धरायची, आणि तो म्हणायचा, "अगं, ब्रेक माझ्याकडे आहे." ती पाय काढायची नाही.