दोन कट्

"तार बनवणाऱ्यांना हल्ली लाज राहिलेली नाही. दोऱ्याएवढी बारीक करून ठेवलीय लेकाच्यांनी," तो पुटपुटला.

तो बाइकच्या पुढच्या चाकाशी मांडी घालून बसला होता आणि त्याची बायको समोर उकिडवी, हातात पक्कड घेऊन. दोघांच्या नाकांत जेमतेम वीतभर अंतर. कुणाची कुरकुर इतक्या जवळून ऐकायची तर त्याच्याशी संसारच करावा लागतो. तार गेल्या वर्षीच्याच रिळातली होती, हे तिला माहीत होतं.

"हो ना," ती म्हणाली. "कशातच काही राहिलं नाही."

शेडमध्ये पेट्रोलचा आणि तापलेल्या पत्र्याचा वास कोंडला होता. बाइकचे आरसे काढलेले, दिव्यांवर टेप चिकटवलेली; पडझड झालीच तर ट्रॅकवर काचा पसरायला नकोत. भुवया भादरलेल्या माणसासारखी ती बिचारी ओशाळवाणी दिसत होती. पलीकडे स्टुलावर तिची नणंद बूट चढवत होती. पस्तिशीला टेकली तरी घरात ती छोटीच. शर्यतीत उतरायची ती, आणि बाइक तयार करायचा तिचा दादा. पहिल्यापासून हे असंच.

ब्रेकचा प्रत्येक बोल्ट आवळून झाला की त्याच्या डोक्यातल्या भोकातून तार ओवायची, पिळायची आणि शेजारच्या बोल्टला बांधून टाकायची. हादऱ्यांनी बोल्ट फिरायला लागला तर तार त्याला धरून ठेवते. "रस्ता ओलांडताना पोराचं मनगट धरतो ना आपण, तसं," लग्नाच्या नवलाईत त्याने तिला समजावलं होतं. दुसऱ्या नवऱ्यांनी चंद्रबिंद्र दाखवला असता. याने तार दाखवली, आणि ती शिकली.

गेले काही महिने तो बोलताना तिच्या कानाकडे बघायचा. आधी तिला वाटलं, नवीन कानातलं आवडलं असेल. मग एकदा त्याने चहा कपाच्या शेजारी ओतला, आणि दोघं डॉक्टरांकडे गेली. नजरेचा मधला भाग जातोय, कडेचं तेवढं दिसत राहील, चष्म्याने भागायचं नाही, असं डॉक्टरांनी दोघांना समोर बसवून सांगितलं. परत येताना तो म्हणाला, "डॉक्टर फार बोलतो, नाही?"

"फारच," ती म्हणाली, आणि विषय तिथेच मिटला.

तेव्हापासून एक रीतच पडून गेली होती. तो काम आटपून चहाला जायचा. तेवढ्यात ती एकेक बोल्ट तपासायची, चुकलेली तार कापून नवी बांधायची. हेल्मेट घालण्याआधी छोटी विचारायची, "वहिनी, झालं ना?" दादाला नाही, वहिनीला. का, ते दोघींपैकी कुणी कधी बोललं नव्हतं.

आज मात्र सगळंच फिसकटत होतं. तार घ्यायच्या आधी त्याने बोल्ट आवळले होते. त्याचा तो खास पाना पुरेसं आवळलं की 'कट्' असा वाजतो. वरचा बोल्ट, खालचा बोल्ट. दोन बोल्ट, दोन कट्. "झाले दोन्ही," तो म्हणाला होता. तिने मात्र बघितलं होतं. पाना उचलून त्याने पुन्हा ठेवला, तो पुन्हा वरच्याच बोल्टवर. खालचा नुसता बोटांनी फिरवून बसवलेला होता, आणि आता त्याच्यावर तारेची देखणी वेणी चढली होती. बोटं अजून तयार होती त्याची.

"अहो, चहा घेऊन या ना जाऊन."

"आज नको. आज छोटीला सुटताना बघणारेय मी."

"तिचे हातमोजे गाडीतच राहिलेत वाटतं."

"दादा, हे काय, हातात आहेत माझ्या," छोटी म्हणाली आणि लगेच जीभ चावली.

तेवढ्यात शर्यतीचा तपासनीस येऊन ठेपला. टेप चाचपली, तार बोटाने ओढून पाहिली. ताठ होती. एकदा तार दिसली की आतला बोल्ट आवळलाय असंच तो धरून चालतो. सगळेच धरून चालतात. "तार बांधावी तर तुम्हीच," तो म्हणाला आणि हिरवा स्टिकर चिकटवून पुढच्या शेडकडे वळला. तिच्या नवऱ्याची मान ताठ झाली. कितीतरी दिवसांनी.

बाहेर इंजिनं घुमायला लागली. छोटीने बाइक सुरू केली, हेल्मेट उचललं.

"वहिनी, झालं ना?"

पहिल्या वळणाआधीचा लांब सरळ पट्टा तिच्या डोळ्यांसमोर आला. त्याच्या टोकाला छोटी जीव खाऊन ब्रेक दाबते.

"थांब जरा." ती चाकासमोर उभी राहिली. "खालचा बोल्ट एकदा बघते."

"काय बघायचंय?" तो म्हणाला. "बाकीचे निघाले की! दोन कट् झाले, ऐकले नाहीस?"

"ऐकले."

"मग?"

शेजारच्या शेडमधली माणसं वळून बघायला लागली. छोटीने इंजिन बंद केलं. तिचा चेहरा उतरला होता. "दादा, अरे, पाना जुना झालाय ना आपला... कधीकधी उगाच वाजतो तो..."

थाप चांगली होती. तो विश्वास ठेवेल, पान्याला दोन शिव्या घालेल, बायकोला बोल्ट आवळू देईल. नवा पाना येईल. पुढच्या शर्यतीला तो पुन्हा इथेच मांडी घालून बसेल, आणि त्या दिवशी कदाचित तिचंच लक्ष नसेल.

"पाना बिघडलाय होय?" त्याने बायकोला विचारलं. आवाजात राग नव्हता. हो म्हण, एवढंच होतं.

तिने त्याच्या हातातून पाना काढून घेतला, पण तो काळवंडलेला हात सोडला नाही.

"पाना चांगला आहे," ती म्हणाली. "दोन्ही कट् वरच्याच बोल्टचे होते. तुम्हाला दिसत नाही हो."