एकाच मिशीचे बारा जण

मी एक जुनी बांबूची शिडी आहे. मला नऊ पायऱ्या आहेत, कारण मला बांधताना सुतार नऊ वेळा शिंकला आणि दर शिंकेला एक पायरी ठोकून मोकळा झाला. खोटं वाटत असेल तर त्यालाच विचारा. तो आता हयात नाही, म्हणून तर मी बिनधास्त सांगते.

मित्रांनो, मी कौलं फिरवायला गेले, दिवे लावायला गेले. एकदा वादळात उडाले आणि तीन दिवसांनी परतले. वाटेत दोन ढगांना टेकून विश्रांती घेतली. पण शाबासकी नेहमी वर चढणाऱ्याला. माझी चौथी पायरी तडकली, तेव्हा तिला तार गुंडाळून मला गोठ्यात टाकलं. तिथे कोंबड्या माझ्यावर झोपायच्या.

मग गावानं ठरवलं, शाळेच्या लांब भिंतीवर गावाची गोष्ट रंगवायची. बारा जणांनी पहिली विहीर खणली आणि गाव वसलं, ती गोष्ट. रंगारीण आली, तिनं मला उचललं. मी हरखले. पण शिडीचं तोंड भिंतीकडे! नाक टेकवून उभं राहिल्यावर दिसणार काय? एक कान, अर्धी कुदळ. पूर्ण चित्र कसं असेल, या विचारानं माझे बांबू करकरायचे.

त्या बारा जणांपैकी फोटो फक्त एकाचाच होता, दुकानदाराच्या आजोबांचा. रंगारणीनं बाराही जणांना तोच चेहरा दिला. तीच भरघोस, पीळदार मिशी.

"काय रुबाब आहे!" लोक म्हणाले. दुकानदार तर दिवसभर भिंतीसमोरून हलेना.

तेवढ्यात पाथरवटाची म्हातारी आली. तिचा नवरा त्या बारांतला. तो जाऊन किती वर्षं झाली. तिची नजरही आता विझत चालली होती; डॉक्टरांनी महिन्याची मुदत दिली होती. त्याआधी तिला त्याला एकदा पाहायचं होतं. खालून मात्र तिला नुसते रंग दिसत होते.

"मला वर चढव," ती रंगारणीला म्हणाली.

"आजी, पडाल!"

"पडले तर खालीच पडेन ना? वर पडलेलं कुणी पाहिलंय?"

ती चढू लागली. चौथ्या पायरीवर मी श्वास रोखला. तार कुरकुरली, पण टिकली. वर जाऊन तिनं माझ्यासारखंच भिंतीला नाक टेकवलं.

"हा कोण मेला?"

"आजी, हे तुमचे मालक."

"त्याला मिशी कुठली? जन्मात फुटली नाही. लोक चिडवायचे म्हणून तोंडाला रुमाल बांधून फिरायचा!" आणि तिनं अंगठ्यानं ओला रंग पुसून टाकला.

दुकानदार खालून ओरडला, "अहो, माझ्या आजोबांची मिशी गेली!"

"तुझ्या आजोबाला अजून अकरा आहेत!"

रंगारणीनं तिच्या हातात कुंचला दिला. म्हातारीनं भुवईवर एक वाकडी रेघ ओढली. छिन्नीनं उडालेली दगडाची कपची तिथे लागली होती म्हणे. मग ती हळूच म्हणाली, "हं. आता आलास."

झालं! दुसऱ्या दिवसापासून माझ्यापुढे रांग लागली. कुंभार म्हणाला, आमचे आजोबा टकले होते. पोस्टमनची आत्या म्हणाली, आमचे तिरळे. चार दिवस सगळं गाव माझ्यावर चढत होतं. कुणी कान लांबवला, कुणी दात पाडला.

काम संपल्यावर रंगारणीनं मला समोरच्या कुंपणाला टेकवलं आणि मी पहिल्यांदाच अख्खी भिंत पाहिली. दहा जण दहा तऱ्हांचे. त्यातले एक दुकानदाराचे आजोबा, आपल्या हक्काच्या मिशीसह. पण उरलेल्या दोघांच्या ओठांवरही तीच उसनी मिशी होती. त्यांना ओळखणारं कुणी उरलंच नव्हतं.

मित्रांनो, तुमच्या घरी म्हातारं माणूस असेल तर आजच विचारा, कुणाला मिशी होती, कुणाला नव्हती. आणि त्या दोघांबद्दल कुणाला काही आठवलं, तर या. माझी चौथी पायरी जपून चढा, बस्स.