बालकलाकार, वय एकसष्ट

आमच्या हिला उत्कृष्ट बालकलाकाराच्या बक्षिसासाठी निवडल्याचा फोन आला, तेव्हा मी एका गृहस्थांची अक्कलदाढ काढून नुकताच घरी आलो होतो. ही खुर्चीत बसून पोट धरधरून हसत होती. मला आधी वाटलं, शेजारच्यांची काहीतरी फजिती झाली असणार.

"अहो, शेवटच्या चौघांत आहे मी," ती डोळे पुसत म्हणाली. "बाकीची तीन खरीच मुलं आहेत."

ही रेडिओवर नाटकं करते. तीसेक वर्षं करते आहे आणि बहुतेक नाटकांत ती मुलगाच असते. धाकटा भाऊ, शेजारचं कार्टं, हरवलेला नातू, जे म्हणाल ते. खऱ्या मुलांना स्टुडिओत आणलं की ती माइकला हात लावतात, कागद फडफडवतात, आणि ऐन प्रसंगात त्यांना शू लागते. त्यापेक्षा हिला बोलावलेलं बरं, असं सगळ्या निर्मात्यांचं मत. घरातही त्या आवाजाचा उपयोग होतो. काहीबाही विकणाऱ्यांचे फोन आले की ही सात वर्षांची होऊन सांगते, "आई अंघोळीला गेलीय, बाबा झोपलेत." मी शेजारीच पेपर वाचत असतो.

यंदा तिनं केला होता तो मुलगा नवाकोरा बूट हरवून लंगडी घालत घरी येतो आणि बूट कुठे गेला याच्या एकाहून एक थापा मारतो. आता, या स्पर्धेचा एक नियम आहे. परीक्षकांना नाटकं ऐकवताना कोणाचंच नाव सांगत नाहीत, नुसते क्रमांक देतात. कोणाचा वशिला लागू नये म्हणून. नियम चांगलाच आहे. परीक्षकांनी तो मुलगा ऐकला आणि सरळ मुलांच्या रांगेत नेऊन बसवला. नाटकाच्या निर्मात्याला खरं ठाऊक होतं, पण त्याला गंमत वाटली आणि तो मूग गिळून गप्प राहिला.

"मग कळवून टाक त्यांना," मी म्हणालो.

"नाही कळवणार."

"अगं, एकसष्टाव्या वर्षी बालकलाकार म्हणून..."

"मला हवंय ते बक्षीस." तिचं हसणं कुठल्या कुठे गेलं होतं. "इतकी वर्षं राबतेय. नाटक संपलं की सगळ्यांची नावं एका दमात वाचून टाकतात, आणि तोवर लोकांनी रेडिओ बंद केलेला असतो. एकदा तरी कोणीतरी माझं नाव नीट, सावकाश घ्यावं. मग रांग कुठलीही असो."

मी विषय सोडून दिला. शिवाय त्या मुलात माझाही थोडा हात होता. मागे एकदा जिन्यावरून घसरून हिचा पुढचा दात पडला. मी चांगला पक्का दात बसवायला निघालो, तर ही आडवी आली. काढता-घालता येईल असाच हवा, म्हणे. तेव्हापासून माइकसमोर उभी राहिली की ती दात काढून डबीत ठेवते, आणि त्या फटीतून असा 'स' बाहेर पडतो की समोर दुधाचे दात पडलेलं पोरच उभं राहावं. दातांच्या डॉक्टरची बायको फटीतून बोलते, ही काही चारचौघांत सांगायची गोष्ट नव्हे. पण नाटक ऐकताना मला तिचा अभिमानच वाटतो, हे खरं.

समारंभाच्या दिवशी हॉलच्या दारातच आमची परीक्षा झाली. टेबलामागच्या मुलीनं आमचा क्रमांक पाहिला आणि दोन बिल्ले काढले. एकावर 'बालकलाकार', दुसऱ्यावर 'पालक'. त्याबरोबर एक कापडी पिशवी, आत रंगीत खडू आणि फुगा. मग ती आमच्या मागे वाकून बघायला लागली.

"मूल कुठे आहे?"

"इथेच आहे कुठेतरी," ही म्हणाली आणि बिल्ला पर्समध्ये टाकून पुढे झाली. माझ्या कोटाला मात्र 'पालक' लागला. हे बिरूद मला लग्नाच्या दिवशीच द्यायला हवं होतं असं मी तिला म्हणालो.

आत रेडिओवाल्यांची नुसती झुंबड. या मंडळींना चेहऱ्यांचं काही नाही. कोणी मागून बोललं की तोंड न वळवता नावानिशी ओळखतात आणि समोर उभं राहिलं तर "आपण कोण?" विचारतात. ज्याचा आवाज ऐकताना दोन पिढ्यांच्या बायकांनी दूध उतू घालवलं, तो नायक मला चहाच्या टेबलाशी भेटला. माझ्या खांद्याला लागेल एवढा माणूस, टक्कल, आणि खालच्या दोन दाढांची पार वाट लागलेली. मी त्याला माझं कार्ड दिलं.

मुलांसाठी दुसरी रांग राखून ठेवली होती. आम्ही तिथे जाऊन बसलो. हिच्या शेजारी तिची प्रतिस्पर्धी, आठेक वर्षांची एक मुलगी आईबरोबर बसली होती. आई तिला चिमणी म्हणत होती. वरचे दोन दात पडलेले, नव्यांची टोकं नुकती दिसायला लागलेली. चिमणी एका जागी टिकत नव्हती. खुर्चीवर गुडघे टेकून ती सारखी मागच्या दाराकडे बघत होती.

"कोणाला शोधतेस गं?" हिनं विचारलं.

"बूटवाल्या मुलाला. त्याला पण बोलावलंय ना? आजी, तुम्ही बघितलाय त्याला?"

हिनं माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं.

"काय काम आहे त्याच्याकडे?"

"तो माझ्यापेक्षा भारी आहे," चिमणी अगदी सरळ म्हणाली. "मी रडायचं असलं की रडते. तो रडतच नाही. रडू दाबून धरतो आणि मग ऐकणारेच रडतात. मला तसं जमत नाही. कसं करतो ते विचारायचंय."

आजवर हिचं कौतुक कोणी केलं नाही असं नाही. मी केलंय, निर्मात्यांनी केलंय. पण त्या पोरीचं ऐकताना हिच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी कधी पाहिलं नव्हतं. लाजली ती.

"पुढच्या वर्षी विचार," ही कशीबशी म्हणाली.

"पुढच्या वर्षी मी नसणार. आमच्या नाटकाचे काका म्हणाले, सगळे दात आले की आवाज मोठा होतो, मग मुलांचं काम मिळत नाही. हे माझं शेवटचं नाटक." आणि मग आवाज बारीक करून म्हणाली, "म्हणून मी नवे दात घासतच नाही. म्हणजे हळूहळू येतील."

माझ्यातला डॉक्टर ताडकन उठणार होता, पण तिची आई माझ्याकडे बघून म्हणाली, "महिनाभर हेच चाललंय हो. काही समजावून उपयोग नाही."

तेवढ्यात दिवे गेले. या समारंभात नाटकांचे तुकडे पूर्ण अंधारात ऐकवतात, त्याशिवाय रेडिओ ऐकल्यासारखं त्यांना वाटत नाही. अंधारात हिचा मुलगा बोलायला लागला. टेबलाखाली बसून तो आईला सांगत होता की बूट कुत्र्यानं नेला, नाही, कुत्र्यानं नाही, नदीनं नेला. हॉल हसत होता आणि मग हळूहळू हसायचा थांबला. तेवढ्यात हिनं माझा हात धरला.

"अहो, मी सांगणार आहे," ती कानात कुजबुजली.

"आत्ता?"

"नाव पुकारलं तर तिथे वर जाऊन. ही पोर मान मोडेस्तोवर दाराकडे बघतेय."

"मग बक्षीस जाईल."

"जाईल."

मला राग आला. त्या पोरीचा, निर्मात्याचा, सगळ्यांचाच. तीस वर्षांनी हिच्या पानात काही वाढलं जात होतं, ते निमूटपणे घेऊन घरी जायला काय हरकत होती? पोरीला नंतर फोन करून सांगता आलं असतं. पण अंधारात असं काही धड बोलताही येईना. दिवे लागले, पाकीट फोडलं गेलं, आणि निवेदकानं नाटकाचं नाव, केंद्राचं नाव आणि हिचं नाव एका दमात धाडकन वाचून टाकलं. आडनाव तर टाळ्यांतच गेलं.

ही उठली. चिमणी खुर्चीवर उभी राहून टाळ्या वाजवत दाराकडे बघत होती.

हिला मंचावर चढताना पाहून निवेदकाचा चेहरा प्रेमळ झाला. "अरे वा, छोटा कलाकार आलेला दिसत नाही. त्याच्या वतीनं आजीबाई बक्षीस घेतायत. जोरात टाळ्या होऊन जाऊ द्या." आणि त्यानं काचेचं मानचिन्ह हिच्या हातात ठेवलं. बस, एवढंच होतं. नुसतं "आभारी आहे" म्हटलं असतं तरी भागलं असतं. मी मनात म्हणत होतो, म्हण, आभारी आहे म्हण आणि खाली ये.

हिनं माइक जरा खाली घेतला, दात काढून मुठीत धरला आणि त्या मुलाच्या आवाजात म्हणाली, "मी आलोय ना. हा काय."

मग तिनं दात पुन्हा बसवला आणि आपल्या आवाजात सांगितलं की मुलगा तीच आहे, फोन आला तेव्हाच कळवायला हवं होतं, पण बक्षिसाचा मोह झाला. "मुलांचं आहे ते मुलांना द्या," म्हणाली आणि मानचिन्ह निवेदकापुढे धरलं. तो गडी गोंधळून मागे सरकला. शेवटी परीक्षकांच्या प्रमुख उठल्या. त्या बाई आयुष्यभर गाणं शिकवत आलेल्या, आवाज ठणठणीत.

"आम्ही हे कानांनी दिलंय," त्या जागेवरूनच म्हणाल्या. "आता डोळ्यांनी परत घेणार नाही. पुढच्या वर्षी नियम नीट लिहू. तुम्ही खाली जाऊन बसा बघू."

मग मात्र हॉल हसायला लागला. तो टकलू नायक उभा राहून टाळ्या वाजवत होता. माझा जीव भांड्यात पडला आणि मीही इतक्या टाळ्या वाजवल्या की कोटावरचा बिल्ला खाली पडला.

चिमणी हसत नव्हती. ही जागेवर येऊन बसली तरी ती गाल फुगवून समोर बघत राहिली.

"तुम्ही चीटिंग केलीत," ती म्हणाली. तिच्या आईनं तिला कोपर मारलं.

"केली खरी," ही म्हणाली. "चुकलंच माझं."

मंचावर पुढचं बक्षीस कोणाला तरी मिळालं. मग चिमणीनं हिच्याकडे नीट निरखून पाहिलं. पांढरे केस, चष्मा, हातावरच्या शिरा, सगळं एकेक करून.

"तुमचं वय काय?"

"एकसष्ट."

"आणि दात सगळे आलेत?"

"आले, पडले, आता एक ह्यांनी करून दिलाय."

"तरी तुम्हाला लहान मुलाचं काम मिळतं?"

"मिळतं. शिकावं लागतं. मी शिकवेन तुला, रडू दाबायचं पण."

चिमणीचे गाल हळूहळू खाली आले. तिनं जिभेनं आपल्या नव्या दातांची टोकं चाचपून पाहिली. मग एकदम गंभीर होऊन म्हणाली, "हे काकांना सांगायलाच पाहिजे. त्यांना माहीतच नाही. तुमचं नाव काय?"

हिनं सांगितलं. निवेदकाच्या गडबडीत ते पोरीला ऐकूच आलं नव्हतं. चिमणीनं डोळे मिटले आणि संवाद पाठ करतात तसं ते म्हणून पाहिलं. आधी नाव, मग थोडं थांबून आडनाव, एकही अक्षर न गिळता.

हिनं ते मानचिन्ह माझ्या मांडीवर ठेवून दिलं आणि पोरीकडे वळून बसली.

"परत एकदा म्हण," ती म्हणाली.