माशांच्या टाकीशेजारची खुर्ची

'पेट्रॉक गेट' ही हॉस्पिटलची मालिका तुम्ही बघत असाल, तर यंदाच्या हंगामात तुम्ही मला बघितलंय. नक्की बघितलंय! अपघात विभागाच्या वेटिंग रूममध्ये, माशांच्या टाकीशेजारी, पिवळ्या स्वेटरमध्ये, हाताला बँडेज गुंडाळून बसलेली ती मुलगी म्हणजे मी. टॅम्सिन ट्रेस्कॉट, वय सोळा, राहणार ब्रिस्टल.

मी तिथे एक्स्ट्रा होते, म्हणजे मागच्या गर्दीतला एक चेहरा. एक्स्ट्रांना नियम एकच, आवाज काढायचा नाही. गप्पा मारा, हसा, कण्हा, पण सगळं नुसतं ओठांनी. बाकीच्यांना हे जमता जमेना. मला पहिल्याच दिवशी जमलं, कारण शाळेत मी एरवी दुसरं काय करत होते? हजेरीलासुद्धा माझा नुसता हात वर. वर्गातली इमोजेन मला 'म्यूट' म्हणायची. माझा आवाज निघायचा तो फक्त घरी, नॅनसमोर. नॅन म्हणजे माझी आजी. तिला कमी ऐकू येतं, त्यामुळे तिला चहा हवा का हे विचारायचं तरी पोटातून ओरडावं लागतं.

वेटिंग रूमचे सगळे सीन उन्हाळ्याच्या सुट्टीत एकदमच उरकले. फर्गस नावाचा सहायक दिग्दर्शक होता, सदा धावपळीत. त्याने पहिल्या दिवशी माझा फोटो काढून मेकअपच्या खोलीत टाचला आणि खाली लिहिलं, 'टाकीशेजारी, डावा हात.' हे फक्त पहिल्या भागापुरतं होतं. पण फोटो काढून टाकायचा राहूनच गेला. मग काय, रोज गेलं की मला तोच स्वेटर, तेच बँडेज आणि तीच खुर्ची. कुणाच्या डोक्यातच आलं नाही. माझ्याही नाही. मला वाटलं, काय छान जागा मिळालीय!

शाळा सुरू झाली आणि दर शनिवारी मालिकाही. काही आठवड्यांनी कार्डिफच्या एका बाईंनी इंटरनेटवर लिहिलं, 'त्या पिवळ्या स्वेटरवालीला कुणी तपासणार आहे की नाही?' झालं! सगळा देश तुटून पडला. 'बिचारी पहिल्या भागापासून बसलीय.' 'आमच्या आईच्या गुडघ्याचंही अगदी असंच चाललंय.' स्विंडनच्या एका बेकरीने तर माझा फोटो काचेवर लावला आणि खाली लिहिलं, 'आमच्याकडे एवढं थांबावं लागत नाही.'

"काय गं म्यूट, नंबर लागला का?" इमोजेन जेवणाच्या रांगेत ओरडली. सगळे हसले. मी ओठ हलवले. तेवढंच.

ऑक्टोबरच्या सुट्टीत स्टुडिओतून बोलावणं आलं. दारातच फर्गस उभा, चेहरा पांढराफटक.

"तुझ्यापायी माझी नोकरी जाणार बघ."

"फोटो तू लावलास!" मी म्हणाले. अर्थात, ओठांनीच.

पण निर्मात्या हिलरी खो खो हसत होत्या. "अगं, सगळे विचारतायत तुझा नंबर कधी लागणार! शेवटच्या भागात लावून टाकू. एक वाक्य देते तुला. नाही जमलं तर रिसेप्शनवाली बोलेल, तू मान हलव."

मला मान हलवायची नव्हती. मला ते वाक्य हवं होतं. इतकं हवं होतं की रात्री दात घासतानाही मी ते घोकत होते.

शूटिंगच्या दिवशी ग्लेनिस प्रायर, म्हणजे मालिकेतल्या सिस्टर मॉड, हातात कागद घेऊन दारात आल्या. "टॅम्सिन?"

मी उठले. मागच्या सगळ्या एक्स्ट्रांनी बिनआवाजी टाळ्या वाजवल्या.

"हं, बोल. काय झालंय हाताला?"

मी बोलले. झकास बोलले, चेहऱ्यावर सगळे भाव आणून.

सगळीकडे शांतता. साउंडवाल्याने हेडफोन काढून त्यावर दोन टिचक्या मारल्या. "माझं यंत्र गेलं की काय?"

यंत्र ठणठणीत होतं. मी सवयीने नुसते ओठ हलवले होते! फर्गसने कपाळाला हात लावला. हिलरी म्हणाल्या, "अजून एकदाच करू. नाहीतर रिसेप्शन." तिकडे रिसेप्शनवालीने लगेच केस सारखे केले.

ग्लेनिस माझ्या कानाशी वाकल्या. "घरी कुणाशी बोलतेस गं, राणी?"

मी ओठांनी सांगितलं, नॅनशी. ऐकू कमी येतं तिला.

"मग मी नॅन," त्या म्हणाल्या आणि कानामागे हात धरून उभ्या राहिल्या. "काय झालंय हाताला?"

"आता काही नाही!" मी पोटातून ओरडले. "बसल्या बसल्या बरा झाला!"

साउंडवाल्याने हेडफोन ओरबाडून काढले. टाकीतले मासे तळाशी पळाले. आणि मागचे एक्स्ट्रा, नियम मोडून, आवाज करून, खरेखुरे हसले! हिलरी ओरडल्या, "हेच ठेवायचं! हसूसकट!"

तो भाग लागला तेव्हा नॅन टोस्टवर बीन्स घेऊन सोफ्यावर बसली होती. हल्लीचे नट पुटपुटतात अशी तिची कायमची तक्रार, म्हणून ती खालची अक्षरं वाचत टीव्ही बघते. माझं वाक्य आलं आणि तिने काटा खाली ठेवला.

"वाचावं नाही लागलं गं!" ती म्हणाली. "एक तरी पोरगी स्पष्ट बोलली!"

सोमवारी वर्गात हजेरी सुरू झाली.

"ट्रेस्कॉट?"

"हजर!"

इमोजेनचं पेन खाली पडलं. "अगं, हळू ना!" ती म्हणाली.

मला! हळू!