हार घातलेली ट्यूब

मित्रांनो, आमच्या गावाबाहेरच्या विहिरीपाशी कडुलिंबाच्या फांदीला एक काळी, ठिगळं लावलेली ट्यूब टांगलेली दिसते ना, ती मी. माझी गोष्ट सांगते, पण ती गोड असेल असं समजू नका. माझ्या पोटात हवेपेक्षा राग जास्त भरलेला आहे.

मी मूळची ट्रॅक्टरच्या मागच्या मोठ्या चाकातली. ट्रॅक्टर आदिनाथरावांचा. केदारखेड्याहून थोडं पुढे, पूर्णेच्या काठी त्यांची काळी, चिकट जमीन. तिथं मी पेरण्या केल्या, कपाशीच्या गाड्या वाहिल्या. चाकाच्या आत अंधार असतो आणि आतल्याची आठवण फक्त पंक्चर झाल्यावर होते. बाभळीचा काटा शिरला की मला बुद्धभूषणच्या दुकानात आणत. तो मला पाण्याच्या टबात बुडवून बुडबुडे शोधायचा, घासायचा, ठिगळ लावायचा. ठिगळं वाढली तेव्हा आदिनाथरावांनी नवी ट्यूब घेतली आणि मला तिथंच टाकून दिलं.

तिथून मला उचललं सुमेधानं. सुमेधा ही बुद्धभूषणची बायको, माहेर टेंभुर्णीचं. वडिलांनी तिला लहानपणीच विहिरीत पोहायला शिकवलं होतं. बायांनी पोहायचं असतं का, असं सासरी कुणीतरी म्हणालं, तेव्हा ती म्हणाली होती की पाणी बाई-पुरुष बघून बुडवत नाही. ती वस्तीवरच्या मुलींना माझ्यावर बसवून विहिरीत सोडायची. त्यांच्या किंकाळ्या, त्यांचं हसणं, त्यांचे घट्ट धरलेले हात. आयुष्यात पहिल्यांदा मला उजेडात काम मिळालं होतं.

मग गेल्या वर्षीचा पूर आला. आदिनाथरावांच्या शेतात कामाला जाणाऱ्या गिरिजाबाई आणि त्यांची सून बेबीनंदा नदीपात्रात शेळ्या चारत होत्या. वरून पाणी आलं. दोघी पात्रातल्या बाभळीवर चढल्या आणि भोवती लाल पाणी फिरू लागलं. काठावर सगळं गाव जमलं. फोन झाले, आरडाओरडा झाला, पण पाण्यात कुणी उतरेना. सुमेधानं दोराचं एक टोक झाडाला बांधलं, दुसरं मला, आणि मला पुढं ढकलत ती पुरात शिरली.

ते पाणी मला अजून आठवतं. ओंडके येऊन धडकत होते. बाभळीचे काटे माझ्या अंगात घुसू नयेत म्हणून तिनं स्वतःची पाठ मध्ये घातली. पहिल्या खेपेला बेबीनंदा, दुसऱ्या खेपेला गिरिजाबाई. काठाला लागताच सुमेधा चिखलात कोसळली आणि पोटातलं गढूळ पाणी ओकू लागली. तेवढ्यात आदिनाथराव गुडघाभर पाण्यात आले. त्यांनी गिरिजाबाईंना दोन्ही हातांवर उचललं, मला खांद्यात अडकवलं आणि कुणीतरी फोटो काढला.

संध्याकाळपर्यंत तो फोटो गावोगाव फिरला. ‘पूर्णेचा वाघ’ असं त्याखाली लिहिलेलं होतं. सत्कार झाला, शाल आली, चौकात भला मोठा बॅनर लागला. फोटो मोठा करून पंचायतीच्या भिंतीवर चढला आणि त्याच्याशेजारी खिळ्याला मी, गळ्यात झेंडूचा हार घालून.

सुमेधा एकदा सगळ्यांसमोर बोलली. आदिनाथराव हसून म्हणाले की जीव वाचले ना, मग नाव कुणाचं का असेना. बुद्धभूषणनं घरी तिला गप्प राहायला सांगितलं, कारण दुकान उभं होतं ते आदिनाथरावांच्याच जागेवर. गिरिजाबाईंना विचारलं तर त्या पदर तोंडावर घेऊन खाली बघत राहिल्या. मुलींसाठी मला परत मागायला सुमेधा पंचायतीत आली, तेव्हा आदिनाथराव म्हणाले, “ती आता गावाची शान हाय. विहिरीत बुडवायला न्हाई मिळायची.”

ती रिकाम्या हातानं परत गेली. मी मात्र त्या दिवशी ठरवलं.

वर्षभर मी भिंतीवर होते. हार सुकला, माझं रबर तडकलं, व्हॉल्व्हची पिन गंजली. अख्ख्या वर्षात मला कुणी साधं चाचपून पाहिलं नाही. मित्रांनो, ज्याची शोभेची वस्तू केली जाते, त्याची काळजी घेतली जात नाही. पण मला त्याचं दुःख नव्हतं. मी वाट पाहत होते.

यंदा तालुक्याहून साहेब आले. पुरात माणूस कसा वाचवायचा, याचं प्रात्यक्षिक पाझर तलावावर ठेवलं होतं आणि ते दाखवणार होते अर्थातच आदिनाथराव. साहेबांनी अंगात घालायला जॅकेट पुढं केलं. आदिनाथरावांनी ते नाकारलं. नवा पांढरा शर्ट झाकला गेला असता. मला घाईघाईनं हवा भरली. बचावाची बोट अजून यायची होती, पण फोटोवाला तयार होता. दोर बांधलेल्या माझ्यावर बसून आदिनाथराव हातानं पाणी मारत निघाले, काठाकडे बघून हात हलवत.

तलावाच्या मध्यावर मी श्वास सोडला.

नंतर लोक म्हणाले की पिन सैल होती. म्हणू द्या.

आधी फुरफुर आवाज आला. मग मी एका बाजूनं लिबलिबीत झाले आणि पूर्णेचा वाघ पाण्यात गेला. त्यांना पोहता येत नव्हतं. काठावरच्या लोकांनी जोर लावून दोर ओढला, पण दोराबरोबर मी एकटीच आले. मोकळी, चपटी. मी काठावर पडून बघत होते आणि मला फार बरं वाटत होतं.

तेवढ्यात गर्दीतून सुमेधा धावली आणि तिनं उडी टाकली. माझा संताप झाला. ह्याला कशाला?

तिनं मागून जाऊन त्यांची कॉलर धरली. त्यांचं तोंड पाण्याच्या वर ठेवलं. पण ती काठाकडे निघाली नाही. तिथंच पाय मारत थांबली. स्थिर पाण्यावरून तिचा शब्द न् शब्द काठावर आला.

“भाऊ, त्या दिशी पुरात कोण उतरलं व्हतं?”

आदिनाथराव खोकत होते. “काठाला घे,” ते म्हणाले.

“घेते. बुडू देत न्हाई तुमाला. आधी सांगा. साहेबाला ऐकू गेलं पाह्यजे.”

आदिनाथरावांनी काठाकडे पाहिलं.

“तू,” ते म्हणाले. मग ओरडले, “सुमेधा उतरली व्हती. मी न्हाई.”

तिनं त्यांना काठाला आणलं. कुणी म्हणालं की बुडत्या माणसाला असं विचारू नये. तेव्हा गिरिजाबाई पुढं आल्या. त्या म्हणाल्या, “मला हिनंच काढलं. त्यायच्या शेतात रोजानं जाते म्हून वरीसभर गप बसले. आता मला कामावर ठेवा न्हाईतर काढा.”

साहेबांनी तिथंच सत्काराची शाल सुमेधाच्या खांद्यावर टाकायला घेतली. तिनं ती घेतली नाही. म्हणाली, पंचायतीतला फोटो आदिनाथरावांनी स्वतःच्या हातानं उतरवावा, एवढंच हवं. दुपारी सगळ्या गावासमोर ते ओल्या शर्टानं स्टुलावर चढले आणि त्यांनी तो उतरवला. सुमेधाच्या खांद्यावरून मी प्रत्येक क्षण पाहून घेतला.

बुद्धभूषणनं मला नवी पिन बसवली. आता त्याचं दुकान फाट्यावर एका पत्र्याखाली आहे. जुनी जागा सोडावीच लागली, पण त्यावरून त्यानं सुमेधाला एका शब्दानं बोल लावला नाही.

मित्रांनो, माझ्यासारख्या वस्तूला हार घालू नका. तिला उन्हातून उचला, पाण्यात धरून बुडबुडे बघा, कामाला लावा. माणसाचंही तसंच समजा. वीर म्हणून कुणाला भिंतीवर टांगण्याआधी ज्याचा जीव वाचला त्याला विचारा, आणि त्याला खरं बोलता येईल एवढी हिंमत द्या.

गेल्या आठवड्यात एक नवी मुलगी पोहायला आली. अक्षता, आदिनाथरावांची धाकटी. बाप दूर रस्त्यावर गाडीत बसून होता. मुलगी पायरीवर उभी होती, पाण्यात पाय घालायला तयार नव्हती. सुमेधानं तिला उचलून माझ्यावर बसवलं आणि म्हणाली, “भिऊ नको बाई. ही बुडू देत न्हाई.”

मी हवा घट्ट धरून ठेवली. तिच्या बापाचा हिशोब वेगळा आहे.