खळ शिजेपर्यंत

गल्लीत त्यांना सगळे बांधणीवाले म्हणत आणि तिला बांधणीवाल्या काकू. खाली पुस्तकं बांधायचं दुकान, वर दोन खोल्या. पुठ्ठे कापणं, कापड चढवणं त्यांचं. पानं शिवणं आणि खळ शिजवणं तिचं. चिकटवायची ही पिठाची खळ रोज सकाळी ताजी लागे. ढवळता हात थांबला की गुठळ्या, जास्त शिजली की रबर.

खळ स्टोव्हवर चढली की ते कापायच्या टेबलावर दोन्ही हात टेकवून उभे राहत आणि डोळे मिटून पुटपुटत. आठ-दहा ओळींची प्रार्थना होती, कुठल्या पुस्तकातली नव्हे, त्यांनीच पंचविशीत जुळवलेली. शेवट तेवढा मोठ्याने म्हणत, "दिवस तुझा, हात आमचे." ते कानावर आलं की ती स्टोव्ह बंद करी. खळ नेमकी झालेली असे. त्यासाठी घड्याळ बघायची तिला एक्केचाळीस वर्षांत गरज पडली नाही.

लग्नानंतर पहिल्याच महिन्यात ते म्हणाले होते, "ये ना, दोघं मिळून म्हणू. दोन मिनिटांचं तर काम."

"आणि खळ कोण ढवळेल, तुमचा देव?"

"तो ढवळेलही. पण गुठळ्या झाल्या की बोलणी मला बसतील."

तिला देवाचं वावडं होतं असं मुळीच नाही. उलट, देवाचं करायचं तर नीट, निवांत बसून करायचं, असं तिचं मत. पिठाच्या हातांनी, उभ्या उभ्या कसली प्रार्थना? मुलगी शाळेत जायला लागली की बसू. तिचं लग्न झालं की बसू. दुकान बंद केलं की सकाळचे दोन तास त्यालाच द्यायचे. त्यासाठी एक जाडजूड धर्मग्रंथ तिने स्वतः शिवून, गडद निळं कापड चढवून कपाटात ठेवलाही होता. अधूनमधून ते विचारत. ती म्हणे, "देव काय पळून चाललाय?" पुढे त्यांनी विचारणं सोडलं. नेमकं कधी सोडलं ते तिला आठवत नाही, आणि आता तेच सगळ्यात जास्त लागतं.

एका दुपारी कापता कापता त्यांच्या हातातली पट्टी गळून पडली. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. दवाखान्याच्या बाकावर तिने डोळे मिटले, पण आत एक शब्द उमटेना. ज्या घरी वर्षानुवर्षं जाणं-येणं नाही, तिथे गरजेपुरतं दार वाजवताना वाटावं, तसं तिला ओशाळं वाटलं.

घरी आणल्यावर तिसऱ्या सकाळी त्यांनी डावा हात पालथा पांघरुणावर टेकवला, डोळे मिटले, उघडले आणि तिच्याकडे बघत राहिले. तिला कळलं. ती लगबगीने तो निळा ग्रंथ घेऊन आली आणि वाचू लागली. त्यांनी मान हलवली. तिने दुसरं पान काढलं. पुन्हा मान हलली, आणि डोळ्यांत पाणी आलं.

तिने नणंदेला फोन लावला. "वन्सं, यांची सकाळची प्रार्थना येते का हो तुम्हाला?"

"मला? अगं, एवढी वर्षं तू ऐकलीस की मी?"

"मी फक्त शेवट ऐकायचे. खळ उतरवायला."

वन्संच्या जिभेला एरवी हाड नसे. पण आता त्या जपून म्हणाल्या, "कुठे लिहून ठेवली असेल."

"लोकांची हजारो पुस्तकं बांधली, वन्सं. स्वतःचं एक चिठोरं नाही."

"मग येतं तेवढं म्हण, बाई."

दुसऱ्या सकाळी ती पलंगापाशी बसली, त्यांचा डावा हात हातात घेतला आणि म्हणाली, "दिवस तुझा, हात आमचे." त्यांनी असे डोळे वटारले, जसे पानं न शिवताच पुठ्ठा चढवायला निघालेल्याकडे वटारत.

"बरं बरं," ती म्हणाली. "आधीचं तुम्ही म्हणा, मनात. मी थांबते."

त्यांनी डोळे मिटले. ओठांची एक बाजू हलत राहिली. ती चेहऱ्याकडे टक लावून बसली. भुवया सैल झाल्या तेव्हा तिने शेवट म्हटला, आणि तिची बोटं हलकेच दाबली गेली.

मग एकही सकाळ चुकली नाही. सुरुवातीला त्या शांततेत तिच्या मनात औषधं, चादरी, डॉक्टरांच्या वेळा असत. हळूहळू ते मागे पडलं. एक दिवस तिने मनातल्या मनात म्हटलं, मला यांचं येत नाही, पण मी आले आहे. तेवढ्यानेही दिवसभर पायाखाली जमीन असल्यासारखं वाटलं. इतकं सोपं होतं? स्टोव्हपासून ते टेबल चार पावलांवर होतं.

आठव्या आठवड्यात ते गेले.

मुलगी म्हणाली, "आई, तू तुझी नवीन जुळव ना."

"जुळवीन. पण मला त्यांचीही हवी होती गं."

आता ती रोज सकाळी कापायच्या टेबलापाशी उभी राहते. दोन मिनिटं, पण रोज. पहिल्या ओळींच्या जागी गप्प राहते, आणि मग आपल्याला येतं तेवढं म्हणते. किती वेळ थांबायचं, हे सांगायला समोर तो चेहरा नाही. कधी शेवट लवकर म्हटला जातो, कधी फार उशिरा.